जुन्या सायकलीचा भाव कसा ठरतो: नाना पेठेतील एका दुकानाचा अनुभव

मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर त्याची गिअरची सायकल दोन वर्षे जिन्याखाली उभी होती. ती विकायची म्हणून गेल्या हिवाळ्यात मी चार ठिकाणी चौकशी केली आणि चारही ठिकाणी वेगवेगळे भाव ऐकले. भंगारवाल्याने वजनावर 600 रुपये सांगितले. एका मोठ्या दुकानात जुनी सायकल देऊन नवी घेण्याची योजना होती. तेथील विक्रेत्याने सायकल गाडीतून खाली उतरवण्याआधीच नव्या खरेदीवर 2,000 रुपयांची सूट जाहीर केली. म्हणजे सायकल रोज पुसून वापरलेली असो किंवा पावसात सडलेली असो, आकडा तोच. आमच्याच सोसायटीतील एका गृहस्थांनी 5,000 रुपये देतो म्हटले आणि नंतर विषय काढला नाही. चौथे ठिकाण पुण्याच्या नाना पेठेतील एका गल्लीतले जुन्या सायकलींचे दुकान होते. त्याला पाटी नाही आणि आसपासचे लोक त्याला नुसते 'जुन्या सायकलवाल्यांचे दुकान' म्हणतात. हा अभिप्राय त्याच दुकानाविषयी आहे, कारण भाव कमी मिळूनही मी समाधानाने परतलो ते एवढ्या एकाच ठिकाणाहून.

समाधानाचे कारण म्हणजे हिशेब. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे आहेत आणि सारे गिऱ्हाईक त्यांना काका म्हणते. त्यांनी सुरुवातीलाच मला विचारले, की ही सायकल कितीला घेतली होती. मी 17,500 म्हटल्यावर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला, 'कोणत्या महिन्यात?' जुलै 2020 हे उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली. टाळेबंदीनंतरच्या त्या दिवसांत सायकलींना एवढी मागणी होती, की दुकानांत माल उरत नव्हता आणि घासाघीस करण्याची सोयच नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या सायकलीचा भाव तुम्ही काय मोजले होते यावरून ठरत नाही. तशीच नवी सायकल आज केवढ्याला मिळते यावरून ठरतो. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. कराआधीची किंमत 13,000 रुपये धरली, तर जी सायकल आधी 14,560 रुपयांना पडत होती ती आता 13,650 रुपयांना पडते. नवी सायकल 910 रुपयांनी उतरली, की जुनीचे गिऱ्हाईकही तेवढ्याच हक्काने भाव पाडून मागते. ही गोष्ट विकणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही, आणि मग त्याला वाटते की आपल्याला फसवले.

त्यानंतर काकांनी सायकल उलटी केली आणि तपासणीला जवळजवळ अर्धा तास दिला. मला सर्वांत आवडले ते चेनचे माप. सायकलच्या चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणून 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच भरली पाहिजे. त्यांनी पोलादी पट्टी चेनवर ताणून धरली, पहिल्या पिनच्या मध्यावर शून्य ठेवले आणि मला वाकून पाहायला सांगितले. पंचविसावी पिन 12 इंचांच्या रेघेपुढे एक अष्टमांश इंच सरकली होती. एक षोडशांश इंच सरकली असती तर फक्त चेन बदलून भागले असते. अष्टमांशापर्यंत गेली म्हणजे तिने मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दातही खाल्लेले असतात आणि नवी चेन त्यांवर घसरते. त्यांनी बोटाने दात दाखवले. मधल्या दोन चकत्यांचे दात एका बाजूला झुकून माशाच्या पाठीवरच्या पंखासारखे झाले होते, कारण मुलगा बहुतेक वेळ त्याच दोन गिअरवर सायकल चालवत असे. पाच वर्षे घरात असलेल्या वस्तूबद्दल ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली.

फ्रेमची तपासणी त्यांनी डोळ्यांपेक्षा हाताने अधिक केली. हँडलखालचा आखूड नळा जिथे खालच्या तिरक्या नळ्याला जोडलेला असतो, त्या जोडाच्या खालच्या अंगावरून त्यांनी अंगठा फिरवला. समोरून धडक बसलेल्या सायकलीचा रंग तिथे सुरकुततो किंवा नळ्याला बारीक फुगवटा येतो आणि तो दिसण्याआधी हाताला जाणवतो. तसा फुगवटा असेल तर ते सायकल घेतच नाहीत, सुटे भाग म्हणूनच भाव सांगतात. सीटची दांडी वर-खाली होते का, हेही त्यांनी पाहिले. अॅल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षे न हलवता ठेवली तर फ्रेममध्ये धरून बसते, आणि मग चांगली सायकलही एकाच उंचीच्या माणसाला विकता येते. दोन्ही चाके फिरवून आउट, म्हणजे चाकाचे डुलणे, किती आहे ते ब्रेकच्या रबराजवळ खडू धरून पाहिले. मागच्या चाकाचा आउट निघण्याजोगा होता, तारा सैल झाल्या होत्या, रिम वाकलेली नव्हती. रिम वाकली असती तर तिचा खर्च वेगळा धरावा लागला असता.

मग त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला, तो मी जपून ठेवला आहे. सायकल दुरुस्त झाल्यावर 7,000 रुपयांना जाईल, असा त्यांचा अंदाज होता. त्यातून दोन टायर-ट्यूबचे 1,100, चेन आणि फ्रीव्हीलचे 950, केबलींचे 250, ब्रेक रबरांचे 200 आणि ओव्हरहॉलिंगची मजुरी 700, असे 3,200 रुपये वजा केले. उरलेल्या 3,800 मधून 800 रुपये त्यांनी स्वतःचा नफा म्हणून उघडपणे लिहिले आणि मला 3,000 रुपये देऊ केले. मी घरून 8,000 ची अपेक्षा ठेवून निघालो होतो. तरीही त्या कागदावरच्या एकाही आकड्याला मला हरकत घेता आली नाही. टायर मला चांगले वाटत होते, परंतु त्यांनी हवा कमी करून कडा दाबून दाखवल्या तेव्हा जिन्याखाली एकाच जागी उभे राहून रबराला पडलेल्या चिरा दिसल्या. मी हौसेने बसवलेला मीटर, बाटलीचा स्टँड आणि जेलची सीट यांचे त्यांनी शून्य रुपये धरले आणि ते काढून घरी न्या असे सुचवले. वरून बसवलेल्या सामानाने जुन्या सायकलीचा भाव वाढत नाही, हे ऐकायला कटू असले तरी खरे आहे.

व्यवहार पुरा करण्यापूर्वी त्यांनी पॅडलांच्या मधल्या कप्प्याखालचा चिखल खरवडून तिथे ठोकलेला फ्रेम नंबर काढला, तो मूळ बिलावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि माझ्या ओळखपत्राच्या प्रतीसह वहीत लिहिला. ज्याच्याकडे बिल नाही त्याच्याकडून ओळखीशिवाय माल घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. जुन्या सायकलींच्या धंद्यात चोरीचा माल येण्याची भीती नेहमीच असते. माझी स्वतःची एक सायकल कॉलेजच्या दिवसांत स्टँडवरून गेली आणि कधीच मिळाली नाही, त्यामुळे या वहीला मी दुकानातील सर्वांत मोलाची वस्तू मानतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बिल सापडावे म्हणून मी घरी अर्धे कपाट उपसले होते, त्या कष्टाचे चीज झाले.

विकून झाल्यावर मी भाचीसाठी तिथूनच एक सायकल घेतली, त्यामुळे दुकानाची दुसरी बाजूही पाहता आली. आत काळ्या सायकलींची एक रांग आहे: 22 आणि 24 इंची फ्रेमच्या, दांडीच्या, मागे भक्कम कॅरिअर असलेल्या. दूधवाले आणि पहारेकरी अजूनही याच नेतात. त्यांत अॅटलसच्याही आहेत. त्या कंपनीने साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये बंद केला, म्हणून या सायकलींचा भाव पडला असेल असे मला वाटत होते. काकांच्या मते तसे होत नाही, कारण काळ्या सायकलीचे कप, कोन, छर्रे, कॉटर पिन आणि चेनव्हील कोणत्याही छापाचे चालतात आणि नाना पेठेत ते ढिगाने मिळतात. उलट काही वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिखाऊ गिअरच्या सायकलीचा गिअर लटकवण्याचा छोटा तुकडा मोडला आणि तोच आकार मिळाला नाही, तर सगळी सायकल अडून राहते. सुटा भाग मिळेल की नाही, हा जुन्या सायकलीच्या भावातला मोठा वाटा आहे, आणि हे मला पुष्कळ पटले.

एका कोपऱ्यात इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची एक जुनी रॅले सायकल आहे, विक्रीसाठी नाही. तिच्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, तो बनवणाऱ्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या छापाखाली वर्षाचे आकडे कोरलेले आहेत आणि तेवढ्यावरून चाकाचे वय कळते. इथे वर सांगितलेला हिशेब उलटा होतो. मूळ रंग, मूळ छाप आणि मूळ घंटी असेल तर गंजासकट किंमत येते. नवा रंग दिला की शौकीन पाठ फिरवतात. आसनसोलला सेन-रॅले या भारतातील कंपनीने बनवलेल्या सायकली दिसायला तशाच असल्या तरी भावात खालीच राहतात. ज्यांना मूळ अवस्थेतील सायकल म्हणजे काय ते पाहायचे असेल त्यांनी कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आधी पाहावे आणि मगच आजोबांच्या सायकलीला रंग लावण्याचा विचार करावा.

दुकानात उणिवाही आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. विकत घेताना काका जसा कागद मांडतात, तसा विकताना मांडत नाहीत. भाचीच्या 3,400 रुपयांच्या सायकलीत नेमके काय बदलले, ते मी विचारले तेव्हा तोंडी सांगितले. लिहून द्यायला त्यांना अवघड वाटले. दुरुस्तीची हमी फक्त 15 दिवसांची आहे. आणि सर्वांत मोठी तक्रार म्हणजे गिऱ्हाइकाची उंची कोणी मोजत नाही. पहिल्यांदा त्यांनी भाचीला जी सायकल काढून दिली, तिच्यावर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते; ती स्वतः बोलली म्हणून दुसरी काढली गेली. शॉकअप असलेल्या पुढच्या चिमट्याचीही ते फक्त दाबून परीक्षा घेतात, तो उघडत नाहीत. आतून गंजलेला चिमटा त्यामुळे नजरेतून सुटू शकतो. कार्बन फ्रेमच्या सायकली मात्र ते घेतच नाहीत, कारण आतली चीर आपल्याला ओळखता येत नाही असे ते स्वच्छ सांगतात, आणि त्या नकाराबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

भाचीची सायकल तीन महिने रोज कॉलेजला जाते आहे. पंधराव्या दिवशी क्रँकमधून, म्हणजे पॅडलाच्या दांड्यातून, 'टक्-टक्' असा आवाज येऊ लागला होता. तो दांडा घट्ट धरणारी कॉटर पिन सैल झाली होती, ती त्यांनी पैसे न घेता बदलून दिली. मुलाच्या सायकलीचेही समजले. पुढच्या आठवड्यात दुकानात गेलो तेव्हा ती नव्या टायरांसह बाहेर उभी होती आणि तिला 6,800 ची चिठ्ठी लावलेली होती, म्हणजे कागदावरच्या अंदाजाहून 200 रुपये कमीच.

जाणाऱ्यांनी सकाळी जावे. गल्लीत दुपारनंतर उजेड कमी पडतो आणि दिव्याखाली फ्रेमची चीर दिसत नाही. मूळ बिल आणि ओळखपत्राची प्रत न्यावी, चिखल पुसून न्यावा, परंतु विकण्याआधी नवे टायर घालून नेऊ नयेत. तोच माल ते तुमच्यापेक्षा स्वस्तात आणतात आणि घातलेले पैसे वसूल होत नाहीत.