मपेट शोचा डीव्हीडी संच आणि माझे नंबर : कर्मिट पहिला, बाकीच्यांवर भांडूया

चुलतभाऊ अमेरिकेतून येताना मपेट शोच्या, म्हणजे त्या बाहुल्यांच्या जुन्या इंग्रजी टीव्ही कार्यक्रमाच्या, पहिल्या तीन सीझनच्या डीव्हीडी घेऊन आला त्याला आता दोन महिने होतील, आणि तेव्हापासून आमच्या सांगलीच्या घरात रात्री साडेनऊनंतर टीव्हीवर दुसरं काही लागलेलं नाही.

आधी कामाचं सांगतो. कुणी बाहेरून मागवणार असेल तर डिस्कचा रीजन, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालते त्याचा नंबर, बघून घ्या. तिकडच्या डिस्क रीजन 1 च्या, आपल्याकडचे प्लेयर रीजन 5 चे, त्यामुळे घरच्या साध्या प्लेयरवर लागतच नाहीत. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो पण तो पण फक्त पाचदा, नंतर जो राहील तो कायमचा. मी जुना लॅपटॉप याच कामाला लावून टाकला आणि केबलने टीव्हीला जोडला. चित्र जुनं आहे, शो 1976 ते 1981 चा, त्यामुळे एकदम झकास प्रिंटची अपेक्षा नको, पण आवाज चांगलाय. एक गोष्ट मात्र मनाला लागली, पहिल्या सीझनमधली काही गाणी हक्कांच्या भानगडीमुळे कापलीत. गाण्यांवर उभ्या असलेल्या कार्यक्रमातून गाणीच काढायची म्हणजे काय? त्याचा एक स्टार मी कापलाय. बाकी सीझनला 24 म्हणजे तीन सीझनचे 72 भाग, वर्षभर पुरतील.

आता मुद्द्याचं, पात्रांचे नंबर. लोक नंबर लावताना कोण जास्त हसवतं ते बघतात. मी नऊ वर्षं हौशी नाटकाच्या बॅकस्टेजला आहे, प्रॉम्प्टिंग केलंय, पडदा ओढलाय, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाला ऐनवेळी फ्यूज उडाला तेव्हा विंगेत मोबाईलचा टॉर्च धरून उभा राहिलोय. आणि मपेट शो हे सगळं तेच आहे हो! एक जुनं थेटर, दर आठवड्याला प्रयोग, पाहुणा कलाकार येतो, विंगेत नुसता गोंधळ, आणि तरी पडदा वेळेवर उघडायचा. दुसऱ्या सीझनपासून तर भाग सुरूच कसा होतो, तर स्कूटर नावाचा विंगेत धावपळ करणारा पोरगा पाहुण्याच्या मेकअप रूमचं दार वाजवून सांगतो की पडदा उघडायला पंधरा सेकंद राहिलीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या पोटात खरंच गोळा आला, तिसऱ्या घंटेला येतो तसाच. म्हणून माझा हिशोब वेगळा आहे, उद्या आपला प्रयोग असेल तर विंगेत आपल्या शेजारी कोण हवं.

त्या हिशोबाने कर्मिट एक नंबर, आणि दुसरा त्याच्या जवळपास पण नाही. बेडूक आहे, बारीक आहे, सगळ्यांचं ऐकून घेतो, कुणाची एन्ट्री चुकली तर स्वतः समोर जाऊन वेळ मारून नेतो, आणि मधूनच त्याचा पारा चढला की मग जे काय हात हलवत ओरडतो! पण मला सगळ्यात आवडतं ते त्याचं तोंड. जवळून बघा एकदा, पॉज करून बघा. त्याचे डोळे हलत नाहीत, भुवया नाहीत, जे काय आहे ते आतल्या हाताच्या बोटांवर. वैतागला की त्याला बनवणारे आणि चालवणारे जिम हेन्सन आत मूठ आवळतात आणि तोंडाचं कापड दुमडून एकदम चिमणीएवढं होतं, आणि आपल्याला कळतं की आता याचं डोकं फिरलंय. नुसत्या कापडात! हेन्सननी पहिला कर्मिट 1955 मध्ये आईच्या जुन्या कोटाचं कापड घेऊन शिवला होता, डोळे म्हणून पिंगपाँगचा चेंडू कापून लावला होता. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सीतास्वयंवर उभं केलं त्या गावातल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. भाव्यांनी पण लाकडी बाहुल्या केल्या होत्या, आणि त्या जुन्या झालेल्या बाहुल्या रामदास पाध्यांनी पुन्हा उभ्या केल्या.

दोन नंबर फॉझी अस्वल. यावरून घरात भांडण झालंय. बाबांचं म्हणणं त्याचे विनोद पडतात. अहो पडतातच, पण पडल्यावर तो परत येतो ना! टोपी सावरून पुढच्या आठवड्याला परत उभा. एकदा प्रेक्षक गार पडले की दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला विंगेतून बाहेर पाऊल टाकताना काय होतं हे ज्याने अनुभवलंय त्याला फॉझी कधीच खालचा वाटणार नाही.

तीन नंबर ॲनिमल. ढोल बडवणारा. रीटा मोरेनो पाहुणी आहे तो भाग लावा, पहिल्या सीझनमध्येच आहे. ती एकदम हळू, घसा दाबून गाणं म्हणत असते आणि हा मधूनच धडाधड वाजवतो, ती थांबून बघते, हा गप्प, ती परत सुरू करते, हा परत. शेवटी ती येऊन दोन झांजांच्या मधे त्याचं डोकं धरून हाणते आणि हा खूश! टायमिंग बघा त्यातलं. तबल्याच्या साथीला बसलेल्या पोरांना मी हा तुकडा मुद्दाम दाखवला, तीनदा लावायला लावला त्यांनी.

मिस पिगी, ती डुकरीण, चार. मला माहितीय लोक तिला पहिली ठेवतात. सुरुवातीला ती मागच्या घोळक्यात उभी राहणारी एक होती, तिथून पुढे येऊन नायिका झाली, त्याबद्दल आदर आहेच. फ्रँक ऑझ तिला चालवायचे, फॉझीला पण तेच, म्हणजे एकाच माणसाच्या हातात इतका भित्रा आणि इतकी ठसक्याची असे दोघं. पण प्रयोगाच्या दिवशी विंगेत रुसून बसणारी नायिका मला परवडत नाही, भोगलंय ते मी.

गोंझो पाच. रबरी टायर खायचा कार्यक्रम करतो, संगीत लावून, आणि ती कलाच आहे यावर त्याचा ठाम विश्वास. दुसऱ्या सीझनला त्याचे डोळे नवीन केले, उघडझाप होणारे, त्याआधी बिचारा कायम रडवेला दिसायचा.

रौल्फ कुत्रा पियानोवर, तो शांत माणूस, सहा. बाल्कनीतले दोन म्हातारे, स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ, बाबांचे लाडके, माझ्याकडे सात. नाव ठेवतात, पण एक प्रयोग चुकवत नाहीत, दर वेळी त्याच जागेवर हजर. असा प्रेक्षक आम्हाला मिळाला तर मी पायघड्या घालीन. स्कूटर आठ, सॅम गरुड नऊ, त्यांच्यावर फार बोलण्यासारखं नाही.

पण हे माझे नंबर. घरातले वेगळेच लागले, आणि त्याचं कारण भाषा. इंग्रजी कोट्या आईला कळत नाहीत, मला पण निम्म्याच कळतात, त्यामुळे ज्यांना भाषाच लागत नाही ते आमच्याकडे वर चढले. बीकर, प्रयोगशाळेतला, नुसता मी-मी-मी करतो आणि दर वेळी त्याचाच स्फोट होतो, भाची त्याच्यासाठी जीव टाकते. आणि आईचा एक नंबर म्हणजे स्वीडिश शेफ. तो बोलतो ते स्वीडिश पण नाही, कुठलीच भाषा नाही ती, त्यामुळे अमेरिकेतल्या माणसाला जेवढं कळतं तेवढंच आईला. त्याचे हात नीट बघा, ते बाहुलीचे नाहीत, खऱ्या माणसाचे आहेत, डोकं आणि आवाज हेन्सनचा आणि हात ऑझचे, दोघं एकमेकांना चिकटून खाली उभे. म्हणून तो पातेलं उचलतो, भाजी फेकतो ते इतकं खरं वाटतं. आईने हे मी सांगायच्या आधी ओळखलं होतं. मटार सोलत बसली होती, टीव्हीकडे बघून म्हणाली, "ह्याचा हात घरच्या स्वयंपाकातला न्हाई, कापायला घेतल्यावर बोटं आत घेत न्हाई बघ." परवा तर कर्मिट पाहुण्याची ओळख करून देत होता आणि मी अगदी मन लावून बघत होतो तर आतून आवाज आला, "ते राहू दे रे, आचारी लाव की आधी."