केईएक्सपी : दोन गाण्यांच्या मधलं बोलणंही ऐका

सिॲटलच्या केईएक्सपी रेडिओ स्टेशनचे व्हिडिओ यूट्यूबवर बघणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. पण त्यातले बहुतेक जण दोन गाण्यांच्या मधल्या गप्पा सरकवून थेट पुढच्या गाण्यावर जातात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ‘लाइव्ह ऑन केईएक्सपी’ची खरी कमाई त्या गप्पांतच आहे.

कार्यक्रमाची रीत साधी आहे. एखादा बँड किंवा एकटा गायक स्टुडिओत येतो, बहुधा चार गाणी वाजवतो आणि मध्ये निवेदक त्याच्याशी बोलतो. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. मागे दिव्यांच्या माळा, बाकी सजावट जवळपास नाहीच. हे स्टेशन जाहिरातींवर चालत नाही, ऐकणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतं. कुठल्याही मोठ्या कंपनीचा हात डोक्यावर नसलेला कलाकार इथे त्यामुळेच अर्धा तास बसू शकतो.

शेरिल वॉटर्स अनेक वर्षं या मैफिली सादर करत आल्या आहेत. त्यांच्या प्रश्नांवरून पहिल्या मिनिटातच कळतं की बाईंनी अल्बम मन लावून ऐकलाय. ‘प्रेरणा कुठून मिळाली’ असल्या गुळगुळीत प्रश्नावर त्या अडकत नाहीत. एखादी ओळ कुणाबद्दल आहे, हा सूर असाच का लावलात, मागच्या अल्बमनंतर आवाज का बदलला, असं त्या विचारतात. समोरचा आधी अवघडतो, मग मोकळा होतो. त्यानंतर जे गाणं सुरू होतं ते आपण वेगळ्याच कानाने ऐकतो. मी गाणी लिहिणाऱ्या मुलामुलींना शिकवते, त्यांना हे मुद्दाम ऐकायला लावते. आपल्या गाण्याबद्दल न लाजता आणि न फुगवता कसं बोलावं, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर एमदू मोक्तार. नायजर देशातला, सहारा वाळवंटातल्या तुआरेग समाजाचा गिटारवादक, डावखुरा. पहिली गिटार त्याने स्वतः बनवली होती आणि तिच्या तारा म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या वायरी! तो तमाशेक या तुआरेगांच्या भाषेत गातो. शब्द एकही कळला नाही तरी बोटं काय बोलतायत ते कळतं. दुसरं नाव आल्तिन ग्युन. ॲमस्टरडॅमची ही मंडळी तुर्की लोकगीतं इलेक्ट्रिक साज (लांब मानेचं तुर्की तंतुवाद्य), बास आणि ड्रम्सवर घेतात. आपल्याकडे भारूड-गवळणीला इलेक्ट्रिक गिटार जोडू पाहणाऱ्यांनी हे पुन्हापुन्हा ऐकावं. लोकगीताचा ठेका न मोडता नवी वाद्यं कशी आत घ्यायची, ते तिथे स्पष्ट ऐकू येतं.

नव्या माणसाला ओळखण्याची या स्टेशनची नजर जुनी आहे. १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात दहा वॅटचं विद्यार्थ्यांचं स्टेशन म्हणून ते सुरू झालं, तेव्हा नाव केसीएमयू. सिॲटलचा आवाज जगभर नेणाऱ्या सब पॉप या रेकॉर्ड कंपनीचे ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन हे दोघेही इथे कार्यक्रम करायचे. केईएक्सपी हे नाव २००१ चं. पुढे २०१० मध्ये यांनी आइसलँडमध्ये एका घराच्या बैठकीच्या खोलीत ‘ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन’ या तेव्हा बाहेर कुणालाच माहीत नसलेल्या बँडचं गाणं चित्रित केलं. नंतर तो बँड जगभर गाजला.

बाकीचे कार्यक्रमही सोडू नका. ‘ऑडिओएसिस’ वायव्य अमेरिकेतल्या स्थानिक बँडसाठी आहे, तर ‘एल सोनिदो’ लॅटिन संगीतासाठी. वेबसाइटवर आत्ता लागलेल्या गाण्याचं नाव दिसतं आणि पुष्कळदा निवेदकाने त्याखाली दोन ओळी लिहिलेल्या असतात. मी सांगली आकाशवाणी ऐकत वाढले. तिथे गाण्याआधी कवीचं, संगीतकाराचं नाव सांगितलं जायचं आणि ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमांमुळे नवी भावगीतं आमच्या घरापर्यंत पोचायची. गाणाऱ्याइतकाच गाणं रचणाराही महत्त्वाचा, हा संस्कार मला केईएक्सपीवर पुन्हा भेटला. मराठीत आज स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारी इतकी गुणी मुलं आहेत, पण त्यांना अर्धा तास गायला आणि बोलायला देणारं एफएम स्टेशन मला दिसत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोन गोष्टी मात्र खटकतात. इंग्रजी सहज न बोलणाऱ्या कलाकारांशी गप्पा लवकर आटोपतात. खरं तर त्यांच्याकडेच सांगण्यासारखं जास्त असतं, तेव्हा दुभाष्याला धरून आणखी पाच मिनिटं द्यायला हवीत. आणि एकूण निवड अजून गिटार बँडकडे झुकलेली आहे. आपल्याकडची गाणी मला तिथे फारच क्वचित सापडली.

सिॲटलला जाणार असाल तर डाउनटाउनहून मोनोरेलने सिॲटल सेंटरला उतरा. २०१५ च्या अखेरीस स्टेशन तिथे आलं. आत कॉफीचं दुकान आहे, रेकॉर्डचं दुकान आहे आणि काचेपलीकडे निवेदक काम करताना दिसतो. आत यायला पैसे लागत नाहीत. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळींना २०२४ पासून हेच स्टेशन ९२.७ एफएमवर गाडीत लावता येतं. पुण्या-सांगलीतून ऐकणाऱ्यांसाठी एक अडचण आहे : सिॲटलची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. त्यामुळे थेट प्रक्षेपणासाठी जागू नका, यूट्यूबवर पूर्ण मैफल लावा. फक्त सुटं गाणं न निवडता ‘फुल परफॉर्मन्स’ लिहिलेला व्हिडिओ उघडा, कारण गप्पा त्यातच असतात.