‘लेट इट बी’ घ्यायचंय? आधी कुठलं ते ठरवा

बीटल्सचं ‘लेट इट बी’ आवडत नाही असं कुणी म्हणालं, तर वाद घालण्याआधी एवढंच विचारावं: कुठलं? या एका नावाखाली आज तीन वेगळ्या रेकॉर्डी नांदतायत. कच्चा माल तिन्हींचा जवळपास एकच, १९६९ च्या जानेवारीतला. आधी लंडनच्या ट्विकनहॅम फिल्म स्टुडिओत तालमी, मग ३, सॅव्हिल रो इथल्या बीटल्सच्याच ॲपल कंपनीच्या तळघरात ध्वनिमुद्रण, आणि ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर. पण कुठला टेक (गाण्याचं एका दमातलं ध्वनिमुद्रण) उचलला, कशानंतर काय ठेवलं आणि मधली बडबड राखली की कापली, यात तिन्हींची तऱ्हा वेगळी. ज्याला जी आधी ऐकायला मिळाली ती त्याच्या डोक्यात ‘खरी’ म्हणून बसते आणि बाकीच्या दोन चुकीच्या वाटत राहतात.

सुरुवात ८ मे १९७० ला आलेल्या एलपीपासून करायला हवी. पडून राहिलेल्या टेप मार्चअखेर निर्माता फिल स्पेक्टरच्या हाती गेल्या आणि त्याने काही दिवसांत बारा गाण्यांची रेकॉर्ड उभी केली. स्पेक्टरला शिव्या घालणारे त्याने मागून चढवलेल्या तंतुवाद्यांबद्दल बोलतात. त्याने लावलेल्या क्रमाबद्दल कुणी बोलत नाही. क्रम मात्र हुशारीचा आहे. पहिल्या बाजूच्या शेवटाकडे बघा. ‘डिग इट’ हा मुळात बारा मिनिटांवर चाललेला धांगडधिंगा. त्यातले जेमतेम ५० सेकंद ठेवलेत. ते संपता संपता बँडमधला जॉन लेनन बारीक पोरकट आवाजात पुढच्या गाण्याची खोटीच घोषणा करतो, आणि तिच्या शेपटाला धरून ‘लेट इट बी’चा पियानो सुरू होतो. चार मिनिटांचं ते प्रार्थनेसारखं गाणं संपतं न संपतं तोच ‘मॅगी मे’: लिव्हरपूलच्या एका वेश्येवरचं जुनं चावट गाणं, ४० सेकंद. कीर्तनाची आरती होते न होते तोच मांडवामागून ढोलकी वाजावी, तसं. त्या दोन चिंधुकांच्या मधे असल्यामुळेच ‘लेट इट बी’ जड होत नाही. हेच गाणं ‘हिट्स’च्या संग्रहात एकटं ऐकलं की ते थोडं सोवळं वाटतं, ते त्यामुळेच.

बडबडीचंही तसंच. ‘टू ऑफ अस’च्या आधीची लेननची वटवट, ‘वन आफ्टर ९०९’च्या शेपटाला त्याने गुणगुणलेली ‘डॅनी बॉय’ची ओळ, सगळ्यात शेवटी ‘ऑडिशनमध्ये पास झालो असू अशी आशा’ हा त्याचाच शेरा: या टाचण्यांनी गच्ची, तळघर आणि नंतरचे तुकडे एकत्र शिवलेत. त्यातही लबाडी आहे. शेवटचं ‘गेट बॅक’ गच्चीवरचं नाहीच. ते २७ जानेवारीला तळघरात वाजवलेलं आहे. गच्चीवरचा शेरा त्याला मागून चिकटवलाय. ऐकताना जोड अजिबात कळत नाही.

आता स्पेक्टरचे अपराध. १ एप्रिल १९७० ला त्याने तीन गाण्यांवर ऑर्केस्ट्रा चढवला: ‘ॲक्रॉस द युनिव्हर्स’, ‘आय मी माइन’ आणि ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’. शेवटच्यात तर १४ बायकांचा गायनवृंद आणि हार्पसुद्धा. बँडमधल्या पॉल मॅकार्टनीने १४ एप्रिलला व्यवस्थापक ॲलन क्लाइनला पत्र लिहून तंतुवाद्यं आणि गायनवृंद कमी करा, हार्प पूर्ण काढा, असं कळवलं. रेकॉर्ड तशीच निघाली. पण ऑर्केस्ट्रा एवढा का ओतला, याला एक व्यावहारिक कारणही ऐकू येतं. ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’च्या त्या टेकमध्ये लेनन सहा तारांचा बास वाजवतोय आणि ठिकठिकाणी चुकतोय. हेडफोनवर तळाचे स्वर धरून ऐका, अडखळणं स्पष्ट आहे. इतकं झाकायचं म्हटल्यावर गोधडीही मोठीच लागणार.

२००३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेलं ‘लेट इट बी... नेकेड’ म्हणजे या गोधडीवरचा मॅकार्टनी पक्षाचा जबाब. ॲबी रोड स्टुडिओच्या तीन अभियंत्यांनी मूळ टेपवरून नव्याने मिक्स केलं, म्हणजे आवाज आणि वाद्यं यांचा मेळ परत बसवला. ऑर्केस्ट्रा गेला, ‘डिग इट’ आणि ‘मॅगी मे’ गेली, बडबड गेली, १९६९ च्या सिंगलच्या (दोनच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूवर अडकून पडलेलं ‘डोन्ट लेट मी डाउन’ आत आलं. अकरा गाणी, ३५ मिनिटं.

‘नेकेड’वर दोन गोष्टी निर्विवाद सरस आहेत. एक, ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’. इथे ३१ जानेवारीचा वेगळाच टेक घेतलाय, त्यात बास सावरलेला आहे आणि पाहुणा वादक बिली प्रेस्टनचा कीबोर्ड नीट ऐकू येतो. एका ओळीतले शब्दही बदललेत: १९७० च्या रेकॉर्डवर ‘तुला कधीच कळणार नाही’ असं जे येतं, ते इथे ‘तुला कायमच ठाऊक होतं’ असं आहे. तक्रारीच्या जागी कबुली. दोन, ‘ॲक्रॉस द युनिव्हर्स’. हे जानेवारीतलं नव्हेच. १९६८ च्या फेब्रुवारीत, मंडळी हृषीकेशला निघण्याच्या तोंडावर मुद्रित झालेलं. पुढे वन्यजीवांसाठीच्या मदतनिधीच्या रेकॉर्डवर ते वेग वाढवून, पक्ष्यांचे आवाज घालून आलं. स्पेक्टरने उलट वेग कमी केला, म्हणून त्याचं गाणं सुमारे अर्धा स्वर खाली आणि सुस्तावलेलं. ‘नेकेड’वर मूळ वेग आहे, आणि लेननच्या गिटारीमागे बँडमधल्याच जॉर्ज हॅरिसनचा तानपुरा. या गाण्याच्या धृपदातलं ‘जय गुरु देव’ लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसाला तानपुऱ्याची ती आस १९७० च्या एलपीवर शोधावी लागते. इथे ती पहिल्या कडव्यापासून सोबत करते.

क्रमाच्या बाबतीत मात्र ‘नेकेड’ फसतं. ‘गेट बॅक’ पहिलं, ‘लेट इट बी’ शेवटचं. ताटात गोड शेवटी यावं हे ठीक, पण मधे लोणचं-कोशिंबीर काहीच नाही. ‘आय मी माइन’, ‘ॲक्रॉस द युनिव्हर्स’, ‘लेट इट बी’ अशी तीन गंभीर गाणी ओळीने येतात आणि रेकॉर्ड डोळे मिटून संपते. बडबड काढल्याने गाणी स्वच्छ झाली, पण माणसं खोलीतून निघून गेली. ती बडबड वेगळी हवी असेल तर सोबत ‘फ्लाय ऑन द वॉल’ नावाची दुसरी सीडी आहे: सुमारे २२ मिनिटांचा एकच सलग ट्रॅक, मधल्या हव्या त्या तुकड्यावर उडी मारता येत नाही. एकदा ऐकून ठेवून द्यावी अशी.

शिवाय ‘नेकेड’ हे नावही अर्धं खरं. ‘डोन्ट लेट मी डाउन’ आणि ‘आय हॅव गॉट अ फीलिंग’ गच्चीवरच्या दोन-दोन टेकचे तुकडे जोडून बनवलेत. ‘आय मी माइन’ तर गमतीचं प्रकरण. ३ जानेवारी १९७० ला लेननशिवाय मुद्रित झालेलं ते गाणं मुळात १ मिनिट ३४ सेकंदांचं. स्पेक्टरने त्यातलाच भाग परत जोडून ते २ मिनिटं २५ सेकंदांपर्यंत ओढलं. स्पेक्टर पुसायला निघालेल्या ‘नेकेड’ने त्याचं ते ओढकाम तसंच ठेवलंय!

खरेदीच्या दृष्टीने ‘नेकेड’चा मोठा दोष आवाजाच्या पातळीचा. २००० नंतरच्या बऱ्याच सीडींसारखं हेही चढवून दाबलेलं आहे. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी झालंय. पहिल्या दहा मिनिटांत ते जोरकस वाटतं, अर्ध्या तासाने कान थकतात. तुलना करताना याने फसायला होतं, कारण थोडं मोठं वाजणारं कानाला नेहमी चांगलंच वाटतं. म्हणून ‘नेकेड’ लावताना आवाज खाली करून दोन्ही समान पातळीवर आणा आणि मगच मत बनवा.

तिसरा क्रम सगळ्यात जुना. ध्वनिअभियंता ग्लिन जॉन्सने १९६९ च्या मे महिन्यात ‘गेट बॅक’ नावाची एलपी जुळवली होती. मुखपृष्ठासाठी पहिल्या एलपीचा जिन्यातला फोटो सहा वर्षांनी मुद्दाम परत काढला होता. तो पुढे १९७३ च्या निळ्या मुखपृष्ठाच्या गाणी-संग्रहावर वापरला गेला. बँडने ही रेकॉर्ड नाकारली, जॉन्सने ५ जानेवारी १९७० ला दुसरी बनवली, तीही नाकारली. पहिली अधिकृतपणे बाहेर यायला १५ ऑक्टोबर २०२१ उजाडला.

ऐकताना का नाकारली ते कळतं, आणि का जपावी तेही. ‘वन आफ्टर ९०९’ने सुरुवात, मग ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ची मोडकी सुरावट. ‘आय हॅव गॉट अ फीलिंग’ शेवटाला कोसळतं आणि लेनन चूक आपली असल्याचं सांगतो. ‘डिग इट’ चार मिनिटांवर जातं, आणि तेवढं लागत नाही. ‘टेडी बॉय’ तर कुठेच पोचत नाही. पण ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’चा १९७० वालाच टेक इथे गोधडीविना आहे. ज्याला पूर्ण झालेली गाणी पाठ आहेत, त्याच्यासाठी ही मेजवानी. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला हा क्रम देऊ नका, तो बीटल्सना आळशी समजेल.

आता प्रत्यक्ष काय घ्यायचं. २०२१ ला निर्माता जाइल्स मार्टिन आणि अभियंता सॅम ओकेल यांनी १९७० च्याच क्रमाचं नवं मिक्स केलं. ऑर्केस्ट्रा आहे, पण गायनाच्या आणि पियानोच्या अंगावर येत नाही. ड्रम्स आणि बास भरीव झालेत. एकच प्रत घ्यायची तर ही, एका सीडीची किंवा एका एलपीची. पाच सीडी आणि एका ब्लू-रेचा मोठा बॉक्स जॉन्सच्या ‘गेट बॅक’साठीच घ्यावा. त्यातली पाचवी सीडी पाव तासही भरत नाही, चारच गाणी. मात्र त्यात जॉन्सच्या १९७० च्या मिक्समधलं न ओढलेलं ‘आय मी माइन’ आहे. बॉक्सच्या किमतीत गच्चीवरचा अख्खा कार्यक्रम असायलाच हवा होता. तो नाही, २०२२ च्या जानेवारीत वेगळा स्ट्रीमिंगवर सोडला. दोन सीडींच्या आवृत्तीत जॉन्सची रेकॉर्ड सलग मिळत नाही, त्यामुळे ती मधल्या मधे लटकते. जुनी अमेरिकन एलपी शोधणाऱ्यांसाठी इशारा: लाल सफरचंदाच्या लेबलच्या नकली प्रती भरपूर आहेत. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर ‘बेल साउंड’चा शिक्का नसेल तर हात लावू नका.

स्ट्रीमिंगवर आपला क्रम लावणाऱ्यांसाठी एक सोय आयती आहे. १९७० ची पहिली बाजू सव्वाएकोणीस मिनिटांची, दुसरी जेमतेम सोळाची. म्हणजे ‘डोन्ट लेट मी डाउन’ला जागा नव्हती ही सबब चालत नाही. २०२१ चं मिक्स जसंच्या तसं घ्या. दुसऱ्या बाजूवर ‘वन आफ्टर ९०९’नंतर ‘नेकेड’मधलं ‘डोन्ट लेट मी डाउन’ टाका. गच्चीवरची तीन गाणी लागोपाठ येतात. पुढे ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ ‘नेकेड’चं. दोन्ही बाजू एकोणीस मिनिटांच्या आसपास जुळतात. ‘ॲक्रॉस द युनिव्हर्स’ही ‘नेकेड’चं घेतलंत तर उत्तम.

सेटिंगमध्ये शफल (क्रम उलटापालटा करणं) बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणं) शून्यावर, गॅपलेस (गाण्यांमधे खंड न पाडणं) चालू. क्रॉसफेड राहिला तर ‘डिग इट’च्या शेवटची घोषणा पियानोखाली चिरडली जाते. नॉर्मलायझेशन (सगळ्यांची आवाजाची पातळी सारखी करणं) चालू ठेवा, नाहीतर ‘नेकेड’ची गाणी मधेच ओरडतील. आणि शेवटचं ‘गेट बॅक’ अल्बमवरचंच ठेवा. सिंगलवरच्यात गाण्याच्या शेवटी जोडलेली पुरवणी मिळते, पण ऑडिशनचा शेरा जातो.