काही महिन्यांच्या समुपदेशनानंतर: राग अजून येतो, पण आता थोडी उसंत मिळते

आधी अपेक्षेबद्दल बोलते. समुपदेशन सुरू केलं की राग येणार नाही, रडू फुटणार नाही, असं वाटत असेल तर तसं होत नाही. माझ्या डोक्यात आजही तिडीक जाते, साध्या बोलण्यावर डोळे भरून येतात. मात्र तिडीक जाणं आणि तोंडून शब्द निघणं यांत आता थोडी उसंत मिळते. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हा अनुभव मोलाचा मानते.

सुरुवातीच्या सेशन्समध्ये मला सर्वांत उपयोगी पडलं ते शरीराचं गणित. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा धोका ओळखणारा भाग विचार पूर्ण व्हायच्या आत इशारा देतो, अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक वाढतं, छाती धडधडते, स्नायू ताठरतात. लढा किंवा पळा या प्रतिक्रियेचं वर्णन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्येच केलं होतं. अडचण अशी की टोमणा आणि खरा धोका यांत शरीर फारसा फरक करत नाही, आणि त्या क्षणी मेंदूचा सारासार विचार करणारा भाग मागे पडतो. म्हणून भडकलेल्या माणसाला ‘शांत हो’ सांगून काही साधत नाही. हे कळल्यावर ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ हा जुना समज सैल झाला.

त्यामुळे आधी शरीर, मग विचार. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. चेहऱ्यावर गार पाणी घेण्याचा उपायही आहे. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या, तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत तो शिकवतात. हृदयविकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. ऐन वादात श्वास आठवत नाही, म्हणून एरवी बरं वाटत असतानाच सराव करावा लागतो.

मग वही. काय घडलं, शरीरात काय जाणवलं, मनात कोणता विचार आला, मी काय केलं. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडलेल्या, स्वतःचे विचार तपासण्याच्या पद्धतीवर हे बेतलेलं आहे. मेसेजला उत्तर आलं नाही ही घटना. ‘मला टाळतायत’ हा माझा अर्थ. कागदावर दोन्ही वेगळे दिसतात. मी ज्याला सरसकट राग म्हणत होते, त्यात कधी अपमान होता, कधी निव्वळ भीती, आणि पुष्कळदा अपुरी झोप. भावनेला नेमकं नाव दिलं की अमिग्डालाची हालचाल कमी होते, असं 2007 च्या एका मेंदू-अभ्यासात दिसलं होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर ‘मला भीती वाटतेय’ असं म्हटल्यावर भांडण बहुधा तिथेच ओसरतं.

न आवडलेलंही सांगायला हवं. मधले काही आठवडे जड गेले. जुनं उकरलं की दोन दिवस थकवा राहायचा. हे आधीच सांगितलेलं असावं. पहिल्या समुपदेशकांशी माझं जुळलं नाही. ऐकण्याआधीच उपदेश सुरू व्हायचा, म्हणून मी बदल केला. त्यात संकोच बाळगू नका. समुपदेशकाशी जुळलेलं नातं आणि होणारा फायदा यांचा संबंध संशोधनात वारंवार दिसलाय. गोपनीयतेचे नियम पहिल्याच भेटीत विचारून घ्या. कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा ते मोडावे लागतात, हेही स्पष्ट करून घ्या.

समुपदेशन सगळ्यावर पुरत नाही. थायरॉइडच्या तक्रारीनेही चिडचिड वाढते, तेव्हा एकदा तपासणी करावी. औषधांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका, त्याच घडीला कुणाला तरी सांगा आणि तातडीची मदत घ्या.

सध्या माझ्या सेशन्समधलं अंतर वाढवलंय. वही चालू आहे. सकाळच्या चिडचिडीचं कारण अजून सापडलेलं नाही, पुढच्या वेळी तोच विषय घेऊन जाणार आहे.