देणगीत आलेली आलिशान वॅगन: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडीचं मागचं सस्पेन्शन बसलं म्हणून हे लिहायला घेतलंय. सकाळी केंद्र उघडायला गेलो तर दारातली गाडी मागून पार टायरवर टेकलेली. पुण्याच्या अधिकृत वर्कशॉपला फोन केला. गाडी न बघता त्यांनी आकडा सांगितला: दोन्ही बाजूंचं एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या) आणि त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर मिळून पावणेतीन लाख, शिवाय कोल्हापूरहून पुण्यापर्यंत टोइंग आपलं आपण. शाहूपुरीतलं आमचं केंद्र रुग्णोपयोगी साहित्य मोफत वापरायला देतं. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. पावणेतीन लाखांत मिनिटाला पाच लिटरचे पाच-सहा नवे कॉन्सन्ट्रेटर येतात. माझ्या डोक्यात तेवढाच हिशोब फिरत होता.

गाडी गोकुळ शिरगावच्या एका कारखानदारांनी दिलेली. त्यांच्या आईंच्या शेवटच्या आजारपणात एअर बेड आमच्याकडून गेला होता, ते त्यांनी लक्षात ठेवलं. वॅगन, म्हणजे सेडानसारखीच पण छत आणि डिकी मागपर्यंत लांब नेलेली. 2018 चं मॉडेल, डिझेल, ऑटोमॅटिक, नवी असताना अर्ध्या कोटीच्या वरची. इंजिन, सीट, म्युझिक यावर वाचायला भरपूर मिळेल. मला बोलायचंय ते डिकीच्या कडेबद्दल.

सेडानच्या डिकीला कड उंच आणि आत खड्डा. मशीन आधी वर उचला, मग आत वाकून खाली ठेवा, आणि उतरवताना तेच सगळं उलटं. एसयूव्हीची कड जवळजवळ कमरेला येते. या वॅगनची कड जमिनीपासून 62 सेंटिमीटर, आणि आतला तळ तिच्या बरोबरीचा, सपाट. पंधरा-वीस किलोचा कॉन्सन्ट्रेटर कडेवर टेकवायचा आणि आत सरकवायचा, झालं. तो आडवा करून नेऊ नये, उभाच न्यायचा असतो. डिकीतलं सामान झाकणारं कव्हर काढलं की इथे तो उभा मावतो, पट्ट्याने बांधला की हलत नाही. मागच्या सीट पाडल्या की व्हीलचेअर, कमोड खुर्ची आणि एअर बेडचा पंप एकाच खेपेत जातात. फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडून-पायाकडून वर-खाली होणारी दवाखान्यातली खाट, मात्र आजही छोट्या हत्तीनेच जातो.

आमचे बहुतेक कार्यकर्ते साठी ओलांडलेले. एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक मामा आहेत, त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. पूर्वी ते फक्त फोन घ्यायचे. आता एकटे गडहिंग्लजला जाऊन मशीन लावून येतात, घरच्यांना ते चालवायला शिकवतात. ही किमया त्या कडेची.

अडचणीही आहेत. पाच मीटरची गाडी मंगळवार पेठेच्या बोळात वळत नाही, तिथे रिक्षाच बरी. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की गाडी राजारामपुरीच्या चढावर नेऊन लावतो. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसत नाही. 2019 आणि 2021 ला शाहूपुरीत पाणी शिरलेलं आम्ही पाहिलंय.

इथपर्यंतचं गाडी उभी होती तेव्हा लिहिलं होतं, आणि तेव्हा माझं मत झालं होतं की संस्थेने असली गाडी घेऊच नये. पुढचं गाडी परत आल्यावर लिहितोय.

उद्यमनगरात बसची कामं करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडी सुरू केली आणि मागच्या चाकांपाशी साबणाचं पाणी मारलं. डाव्या बाजूला हवेच्या पिशवीच्या घडीतून बुडबुडे आले; मिस्त्री तिला बलून म्हणतात. "दादा, बलून चिरलाय. कॉम्प्रेसर ठणठणीत हाय. पर असाच चालवत ऱ्हायला तर त्योबी जळणार." बाहेरच्या कंपनीचे दोन्ही बाजूंचे बलून मागवले, मजुरी धरून 34 हजारांत काम झालं. एक चिरला की दुसराही त्याच वयाचा, म्हणून दोन्ही बदलले. साबणाच्या पाण्याची ही तपासणी अधिकृत वर्कशॉपला करता आली नसती का? निदान गाडी आणा, बघून सांगतो, एवढं तरी म्हणायला हवं होतं. त्या आकड्यापायी आम्ही गाडी भंगाराच्या भावात विकणार होतो, याचा राग अजून गेलेला नाही.

आता दात्यांसाठी. आयकरातली 80जी म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त पैशांच्या देणगीवर मिळते. वस्तू दिली, मग ती कितीही महाग असो, वजावट शून्य. आमच्या दात्यांना हे त्यांच्या सीएंनी सांगितलं, तरी त्यांनी गाडी दिली, हा त्यांचा मोठेपणा. वजावट हवी असेल तर गाडी विकून चेक द्यावा, तोही जुन्या कररचनेत असाल तरच उपयोगी.

गाडीच द्यायची असेल तर मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून किल्ली दिली की काम संपत नाही. मालकी बदलल्याचं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि आरसीवर संस्थेचं नाव चढेपर्यंत पाठपुरावा करायचा. तोवर अपघात झाला तर जबाबदारी नोंदणीकृत मालकाची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. विम्याचा नो क्लेम बोनस दात्याकडेच राहतो, त्यामुळे संस्थेला हप्ता जास्त बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीबरोबर तिच्या दोन वर्षांच्या विम्याचे आणि दुरुस्तीचे पैसे द्या. टायर, विमा, सर्व्हिस यांचे भाव गाडीच्या मूळ किमतीप्रमाणे असतात, आमच्या ऐपतीप्रमाणे नाही. आमच्या दात्यांना बलूनचं कळलं तेव्हा त्यांनी आपणहून 50 हजारांचा चेक पाठवला. तेव्हापासून गाडीच्या नावाचं वेगळं खातंच ठेवलंय, आणि गाडी विकायचा विषय बंद झाला.

गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांनी त्यांची जुनी एसयूव्ही देऊ केली. माणूस मनापासून देत होता. आधी डिकीची कड टेपने मोजून कळवायला सांगितलं. 78 सेंटिमीटर भरली. आम्ही त्यांना गाडी विकून चेक द्यायची विनंती केली. त्यांनी ती मानली, गिऱ्हाईक बघणं चालू आहे.