कॅनन १०० मिमी मॅक्रो लेन्स आणि तिच्या जोडीचा फ्लॅश

कॅननची ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम ही अगदी जवळून लहान गोष्टी टिपण्यासाठीची (मॅक्रो) लेन्स २००९ साली बाजारात आली. कीटकांच्या छायाचित्रणासाठी मी ती काही वर्षे वापरत असून या काळात तिच्याबरोबर तीन प्रकारचे फ्लॅश लावून पाहिले आहेत. लेन्सबद्दलचे मत पहिल्या महिन्यात बनले ते कायम राहिले. फ्लॅशबद्दलचे मत मात्र दोनदा बदलावे लागले, आणि हे परीक्षण लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

ही लेन्स १:१ प्रमाणात प्रतिमा देते, म्हणजे एक सेंटिमीटर लांबीचा भुंगेरा कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरवरही एक सेंटिमीटरच उमटतो. त्यासाठी तो सेन्सरपासून ३० सेंमीवर असावा लागतो. पण या अंतरात लेन्सची स्वतःची लांबीही धरलेली असल्यामुळे लेन्सच्या तोंडापासून भुंगेऱ्यापर्यंत प्रत्यक्षात १३-१४ सेंमीच उरतात. मॅक्रो लेन्स घेताना हा दुसरा आकडा आधी पाहावा. ५०-६० मिमीच्या लेन्सवर तो इतका आक्रसतो की लेन्सची सावलीच कीटकावर पडते, तर १८० मिमीच्या लेन्सवर तो ऐसपैस असला तरी तिचे वजन हातात पेलत फिरणे थोड्याच वेळात नकोसे होते. १०० मिमी हा मधला मार्ग मला मानवला. लेन्समधील स्थिरीकरणाचा, म्हणजे हाताचा कंप भरून काढणाऱ्या यंत्रणेचा, गाजावाजा मात्र बेताने घ्यावा. कंपनीच्याच आकड्यांनुसार एरवी चार स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मिळणारा फायदा १:१ ला दोन स्टॉपवर येतो, शिवाय वाऱ्यावर डोलणारे पान त्याने थांबत नाही. ऑटोफोकस तर मी जवळून टिपताना बंदच ठेवतो आणि स्वतः किंचित पुढेमागे झुकून नेमकी जागा पकडतो.

फ्लॅशची गरज कुठून येते हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर १:१ ला एफ/२.८ ठेवल्यास (एफचा आकडा जितका मोठा, तितके प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान) स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचा असतो. एफ/११ वर तो १.३ मिमीच्या आसपास जातो, म्हणजे माशीचे डोळे आणि सोंड एकदम मिळण्याची निदान आशा तरी धरता येते. परंतु या अंतरावर प्रकाशाच्या दृष्टीने एफ/११ हे जवळपास एफ/२२ सारखे वागते आणि त्याहून बारीक अ‍ॅपर्चर केले तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तपशील मऊ पडू लागतात. एवढ्या तुटपुंज्या प्रकाशात शटरच्या भरवशावर हालचाल थांबवता येत नाही. १/३२ शक्तीवर ठेवलेला साधा फ्लॅश मात्र १/१०,००० सेकंदाच्या आसपासच चमकतो, आणि हाताचा कंप काय, मुंगीची मिशी काय, सारे तेवढ्यात गोठते.

प्रथम मी लेन्सच्या तोंडाला बसणारा रिंग फ्लॅश घेतला, कारण ‘मॅक्रोसाठी खास’ म्हणून तो विकला जातो. प्रकाश चहूबाजूंनी सारखा येत असल्याने पाकळ्यांचे उंचसखलपण नाहीसे झाले आणि उडी मारणाऱ्या कोळ्याच्या समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांत पांढरी बांगडी स्वच्छ दिसू लागली. एकदा ती दिसली की त्या चित्रात दुसरे काही दिसत नाही. नंतर दोन डोक्यांचा फ्लॅश वापरला. छाया परत आल्या, पण भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर दोन जळके पांढरे ठिपके पडले आणि त्यांच्याखालचा रंग संगणकावर कितीही खटपट केली तरी परत मिळाला नाही.

शेवटी टिकला तो कॅमेऱ्यावर बसणारा, हाताने शक्ती ठरवता येणारा साधा फ्लॅश आणि त्यापुढे घरी बनवलेला डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा. किड्याच्या जागी बसून पाहिले असता प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो, यावर त्याचा मऊपणा ठरतो. त्यामुळे १५ सेंमी रुंदीचा पांढरा पडदा किड्यापासून ८ सेंमीवर आणला की त्याच्या दृष्टीने निम्मे आकाश भरते. नुसता एक थर मात्र पुरत नाही, कारण त्याच्या मध्यभागी फ्लॅशचा तेजस्वी गोल उमटतो आणि तोच भुंगेऱ्याच्या पाठीवर दिसतो. पॅकिंगमध्ये येणाऱ्या पातळ पांढऱ्या फोमचे दोन थर, त्यांच्यात दोन बोटांची फट, आणि पडद्याची वरची कड लेन्सच्या पुढे झुकलेली, अशी रचना केल्यावर जळके ठिपके जाऊन त्यांच्या जागी हलकी, पसरट झळाळी आली. लेन्सचे हूड (तोंडापुढची आडोशाची कड) काढून ठेवावे, नाहीतर खालचा अर्धा किडा अंधारात राहतो. हे मला पन्नासेक छायाचित्रे वाया गेल्यावर उमगले.

फ्लॅशचा प्रकाश मागे न पोहोचल्याने पार्श्वभूमी काळी पडते, ही नेहमीची तक्रारही आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० ते ८०० पर्यंत वाढवून आणि किड्याच्या मागे जवळच एखादे पान येईल असा कोन साधून बरीच आटोक्यात येते. हे ध्यानात घेता नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्थिरीकरण नसलेली, वापरलेली १०० मिमीची मॅक्रो लेन्स घेऊन उरलेले पैसे फ्लॅशकडे वळवावेत, असे माझे मत आहे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान जिवांसाठी रेनॉक्सची डीसीआर-२५० ही पुढे चिमट्याने बसणारी भिंगाची जोड याच लेन्सवर चांगली चालते. फक्त तेव्हा किड्यापर्यंतचे अंतर आणखी घटते, आणि पडद्याची कड गवताच्या पात्याला लागून पाते हलले की किडा उडून जातो. त्यासाठी मी पडद्याचे खालचे दोन्ही कोपरे आता गोल कापून घेतले आहेत.