चढावर बंद पडणारा ट्रक आणि विनाकारण उतरवलेले सहा इंजेक्टर

1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि कॉमन रेल इंजिन मालवाहू गाड्यांमध्ये सर्रास आले. यात पंप डिझेल जास्त दाबाने एका सामाईक पाइपात, म्हणजे रेलमध्ये भरतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. त्या गाड्या आता जुन्या झाल्यात, वॉरंटी केव्हाच संपली आहे. ‘चालता चालता बंद पडते’ एवढी एकच तक्रार घेऊन गॅरेजात जाणारा मालक कसा लुबाडला जातो, ते एकच गाडी असलेल्या एका मालकाच्या बाबतीत जे घडले त्यावरून सांगतो.

सहा सिलिंडरचा, 24 व्होल्टचा ट्रक. लोड घेऊन घाट चढायला लागला की इंजिन एकदम बंद. झटके नाहीत, काळा-पांढरा धूर नाही, पिकअप कमी झाल्याचेही जाणवत नाही. अर्धा तास उभी केली की एका सेल्फमध्ये चालू. महामार्गावरच्या गॅरेजात स्कॅनर लावला, पी-0087 म्हणजे रेल प्रेशर कमी असा कोड दिसला आणि तिथेच निकाल लागला: “नोझल गेलेत, पंपही बघावा लागेल.” सहाही नोझल, म्हणजे इंजेक्टर, उतरवून कॅलिब्रेशनला (मशीनवर तपासून डिझेलचे माप जुळवायला) पाठवले. परत बसवल्यावर सकाळच्या थंड इंजिनवर यार्डात फेरी मारून दाखवली, पैसे घेतले. पुढच्या चढावर गाडी पुन्हा थांबली. आता म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला.

दोष होता क्रँक सेन्सरमध्ये, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरते ते ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरमध्ये. एका इंजेक्टरच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे.

इंजिन कसे बंद पडते, हे या निदानात सर्वात महत्त्वाचे. डिझेल कमी पडत असेल तर इंजिन आधी धापा टाकते, ओढ कमी होते, झटके देते, मग थांबते. चावी फिरवल्यासारखे क्षणात बंद झाले तर आधी विजेची बाजू तपासायची: क्रँक सेन्सर, मेन रिले, इग्निशन स्विच, ईसीएमचे अर्थिंग. बंद पडल्या पडल्या सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बहुतेक गाड्यांत सेल्फवर तो थोडा तरी उचलतो. जागचा हललाच नाही तर संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर.

सेन्सर दोन पिनचा असेल तर इंजिन थंड असताना मल्टिमीटरवर ओहम मोजून लिहून ठेवा, आणि गाडी बंद पडल्यावर गरम असतानाच पुन्हा मोजा. थंड असताना काही शे ओहम आणि गरम झाल्यावर सर्किट ओपन, म्हणजे आतली कॉइल तुटते आहे. तीन पिनच्या हॉल सेन्सरवर (यात आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते) ओहम मोजून काही कळत नाही. तिथे सप्लाय आणि सिग्नल बघावा लागतो. फ्लायव्हील हाउसिंगजवळ हार्नेस (वायरींचा जुडगा) घासलेला नाही ना, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला नाही ना, तेही बघा. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी काढून साफ करा.

मग पी-0087 आला कुठून? हा कोड डिझेल संपल्यावर, फिल्टर तुंबल्यावर किंवा टाकी ते पंप या सक्शन लाइनने एअर घेतल्यावरही येतो आणि मेमरीत पडून राहतो. त्या मालकाला काही महिन्यांपूर्वीचा कोड दाखवला गेला. म्हणून आधी सगळ्या कोडचा फोटो घ्या, कोड पुसायला लावा, गाडी लोडवर चालवा आणि बंद पडल्यावर पुन्हा वाचा. स्कॅनरवर लाइव्ह डेटा सुरू ठेवून रेल प्रेशर आणि आरपीएम एकत्र बघा. साधारण 200 बारच्या आसपास प्रेशर बनल्याशिवाय बहुतेक कॉमन रेल इंजिने इंजेक्शन सुरूच करत नाहीत. बंद पडताना प्रेशर आधी कोसळले तर दोष डिझेलचा. आरपीएमचा आकडा एकदम शून्यावर गेला आणि प्रेशर त्याच्या मागोमाग उतरले, तर इंजेक्टरला हात लावायचे कारण नाही.

डिझेलचा दोष निघालाच तरी सुरुवात स्वस्तातून करा. टाकीचे झाकण सैल करून गाडी चालवा. नीट चालली तर झाकणाचे किंवा टाकीचे व्हेंट (हवा आत घेणारे भोक) बंद आहे. वॉटर सेपरेटरमधले पाणी काढा. फिल्टरनंतर तात्पुरता पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे येतात का बघा. इंजेक्टरच्या रिटर्न लाइनला सारख्या बाटल्या लावून आयडलिंगवर एक मिनिट इंजिन चालवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल आले तर तेवढाच इंजेक्टर काढायचा. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट सैल करू देऊ नका. जुन्या पंपाच्या गाड्यांवर मिस्त्री तसे करत. इथे ती धार कातडी फोडून आत घुसते.

या प्रकरणातला सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. अशा बहुतेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरे-आकड्यांचा कोड असतो आणि तो ईसीएममध्ये भरलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी तपासले तेव्हा दोन इंजेक्टरवरचे कोड ईसीएममधल्या कोडशी जुळत नव्हते. चांगले काढून घेऊन कुणाचे तरी जुने बसवले होते. बिलात मात्र फक्त ‘कॅलिब्रेशन’. आधीचे फोटो असते तर तिथेच पकडता आले असते. इंजेक्टर निघण्यापूर्वी सहाही कोडचे फोटो घ्या. टेस्ट बेंचची, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या मशीनची, प्रिंट मागा. तिच्यावर त्याच इंजेक्टरचा नंबर आणि रिटर्न, आयडलिंग व फुल लोडचे आकडे हवेत. नंबर नसलेली प्रिंट कुणाच्याही इंजेक्टरची असू शकते.

फसवणूक झालीच असेल तर जीएसटीचे बिल, फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. गाडी स्वतः चालवून त्यावरच घर चालत असेल तर ते तक्रारीत ठळक लिहा, कारण गाडी धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हा मुद्दा समोरचा आधी काढतो. आणि काढलेले पार्ट गॅरेजात सोडू नका. तोच तुमचा पुरावा आहे.